पिवळी पडली म्हणजे मेली नव्हे

एप्रिलचा दुसरा आठवडा आला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक फोटो हमखास पडतो. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीतून काढलेला, खालच्या लॉनचा. हिरव्यात मोठमोठे पिवळट, तपकिरी पट्टे. खाली एक ओळ: ‘आपण मेंटेनन्स भरतो तो कशासाठी?’ मग अंगठे, संतापलेले चेहरे, आणि संध्याकाळपर्यंत कमिटीचा निर्णय. टँकर वाढवा, युरिया टाका आणि ‘माळीकाकांना सांगून काहीतरी औषध मारून घ्या’. बंगलेवाल्यांकडे असा गट नसतो, एवढाच फरक. निर्णय बहुधा हाच होतो.

माझं म्हणणं असं की, या तिन्ही गोष्टींची बहुतेक वेळा गरज नसते. उलट तिन्ही मिळून नुकसानच करतात. पाणी वाया जातं, गवत आणखी दुबळं होतं, आणि त्यावर खेळणाऱ्या मुलांच्या व त्यात राबणाऱ्या माळ्याच्या अंगावर विष उडतं. हे सगळं का, तर झोपलेलं गवत आणि आजारी गवत यातला फरक आपण ओळखत नाही म्हणून.

नर्सरीत ‘बर्म्युडा’ किंवा ‘सिलेक्शन वन’ या नावाने चौरस फुटाच्या भावाने जे गवत मिळतं, ते दुसरंतिसरं काही नसून आपली हरळी किंवा तिचीच निवडक, बारीक पानांची जात असते. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. हीच गणपतीला वाहायची दूर्वा. शेतात शिवी, देवघरात मान आणि अंगणात चौरस फुटाला भाव, असं या एकाच गवताचं नशीब आहे. शेतकरी हरळीला का वैतागतो हे समजून घेतलं तर लॉन राखण्याचं निम्मं शास्त्र कळतं. भर उन्हाळ्यात नांगरून, वेचून, जाळूनही ती पहिल्या पावसात पुन्हा उभी राहते. कारण तिचा जीव पानात नसून जमिनीलगतच्या आणि जमिनीखालच्या आडव्या खोडांत असतो. त्या खोडांच्या प्रत्येक पेराला मुळं आणि फुटवा फुटू शकतो.

उष्ण प्रदेशातल्या अशा गवतांकडे आणखी एक युक्ती असते. भात किंवा गव्हासारख्या पिकांत कडक उन्हात प्रकाशसंश्लेषणाची घडी विस्कटते. कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर चुकून ऑक्सिजनच पकडू लागतं आणि कमावलेली ऊर्जा वाया जाते. हरळी, ऊस, ज्वारी, बाजरी, मका या वनस्पती आधी कार्बन डायऑक्साइड साठवून पानातल्या आतल्या पेशींत दाटीने पोचवतात. त्यामुळे पानांची रंध्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि पाणी कमी उडतं. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये उसाच्या पानांवर काम करूनच हा मार्ग उलगडला. त्याला ‘सी-फोर’ म्हणतात. ‘कोरियन’ वा ‘मेक्सिकन’ म्हणून विकलं जाणारं बारीक, मऊ गवतही याच गटातलं.

असं गवत पाणी फारच कमी झालं की शेवटचा डाव खेळतं. पानं वाळू देतं आणि सगळा जीव खोडांत व मुळांत आवळून बसतं. वरून पाहणाऱ्याला ते मेलेलं वाटतं, पण ते फक्त थांबलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की त्याची वाढ अशीच मंदावते आणि रंग फिका पडतो. तेव्हाही आपण युरियाकडे धावतो. थंडीने मंदावलेल्या गवताला तो घेता येत नाही, आणि पाण्याबरोबर तो खाली जमिनीत उतरतो.

झोप की मृत्यू, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पिवळ्या भागातलं मूठभर गवत धरून ओढा. ते घट्ट धरून राहिलं, आणि जमिनीलगतचं खोड नखाने खरवडल्यावर आत पांढरट-हिरवं दिसलं, तर गवत जिवंत आहे. खोड ठिसूळ आणि आतून तपकिरी असेल तर तेवढा तुकडा गेला. आणि ओढताच गवत सतरंजीसारखं सुटून हातात आलं, तर खाली मुळं कुरतडणारी हुमणी असण्याची शक्यता मोठी. तीन कारणं, तीन वेगळे उपाय. आपण मात्र तिन्हींवर पाण्याचा पाइप सोडतो.

बारमाही हिरव्या लॉनची हौस मुळात आपल्या हवामानातली नाही. ती इंग्लंडातली. तिथे १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याआधी विळ्याने गवत एकसारखं राखणं फक्त सरदार-दरकदारांना परवडायचं, ते पुढे मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आलं. साहेबाबरोबर हे लॉन इथल्या कॅन्टोन्मेंटमध्ये, जिमखान्यांत आणि बंगल्यांत आलं. वर्षभराचा पाऊस पाहिला तर पुण्याला सुमारे ७०० मिलिमीटर पडतो आणि लंडनला सुमारे ६००. म्हणजे पुण्याचाच जास्त. पण लंडनचा पाऊस बारा महिन्यांत वाटून पडतो आणि आपला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. तिथे आभाळ जे काम फुकटात करतं, ते इथे आपण आठ महिने पाइपने करत असतो.

या पाइपचा हिशोब मांडू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात लॉन गडद हिरवं ठेवायचं तर ढोबळमानाने रोज पाच मिलिमीटर पाणी लागतं. शंभर चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,०७५ चौरस फुटांच्या लॉनला रोज ५०० लिटर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हा मापदंड धरला जातो. म्हणजे एवढंसं लॉन जवळपास चौघांच्या कुटुंबाचं पाणी पितं. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत होतात ६० हजार लिटर. दहा हजार लिटरचे सहा टँकर. आणि त्याच दिवसांत धरणांतल्या साठ्याच्या टक्केवारीच्या बातम्या आपण सकाळच्या चहाबरोबर वाचत असतो.

२०१६ चा एप्रिल आठवून पाहा. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्याची वेळ आली होती. पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी पोचवलं. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. मैदानांवरच्या गवताला किती पाणी लागतं, ही तेव्हा राज्यभर चर्चेची गोष्ट झाली. मैदानांवर बोट ठेवणं सोपं होतं, कारण ती मोजकी होती आणि सगळ्यांना दिसत होती. पण आपल्या शंभर चौरस मीटरच्या हिशोबाने पाहिलं तर लातूरला पोचलेलं पहिल्या गाडीचं पाणी अशा हजार लॉनना एका दिवसापुरतंच होतं. शहरातल्या सोसायट्या आणि बंगल्यांची लॉन मोजायला कोणी न्यायालयात जात नाही.

मग लॉन उखडून टाकायचं का? मुळीच नाही. गवताची जमीन फरशीपेक्षा गार राहते, धूळ धरून ठेवते, पाऊस जिरवते, आणि पडलेल्या मुलाचा गुडघा वाचवते. संध्याकाळी अनवाणी चालणाऱ्या आजी-आजोबांना तिचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. माझा आक्षेप गवताला नाही, बाराही महिने एकाच रंगाच्या हट्टाला आहे. हा हट्ट सोडला तर लॉन निरोगी ठेवणं बरंच स्वस्त आणि सोपं होतं.

सुरुवात पाण्यापासून. रोज संध्याकाळी दहा मिनिटं फवारा मारण्याची सवय लॉनचं सगळ्यात जास्त नुकसान करते. वरची दोन बोटं माती भिजते, मुळं तिथेच रेंगाळतात, आणि एक दिवस पाणी चुकलं की गवत कोमेजतं. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, पण वीतभर खोल ओल जाईल इतकं पाणी द्या. ओल कुठवर गेली हे लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपसून कळतं. ओल्या मातीत तो सहज जातो, कोरडी लागली की अडतो. वेळ पहाटेची. संध्याकाळी दिलेल्या पाण्याने पानं रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं. पाणी केव्हा द्यायचं हे गवतच सांगतं. चालून गेल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले, पात्यांवर निळसर-राखाडी झाक आली, की त्याला तहान लागली आहे. त्याआधी पाइप उघडायचं कारण नाही.

आणि टंचाईच्या वर्षी? तेव्हा गवताला झोपू द्या. खोडं आणि मुळं जिवंत ठेवायला दोन-तीन आठवड्यांतून एकदा बारा-पंधरा मिलिमीटर पाणी पुरतं. आपल्या शंभर चौरस मीटरला तीन आठवड्यांत सुमारे दीड हजार लिटर. गडद हिरवेपणासाठी याच काळात साडेदहा हजार लिटर लागले असते. या दिवसांत त्यावरची वर्दळ तेवढी कमी करा, कारण झोपलेल्या गवताला तुडवलेला भाग भरून काढता येत नाही.

दुसरी गोष्ट कापणीची. ‘एकदाच बारीक कापा, म्हणजे महिनाभर बघायला नको,’ असं आपण माळ्याला सांगतो. गवताची पानं हेच त्याचं स्वयंपाकघर. ते सगळं कापून नेलं की मुळांना अन्न पोचत नाही आणि ती आखडतात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, हा जुना नियम इथेही लागू आहे. घरगुती हरळीच्या लॉनला तीन-चार सेंटिमीटर उंची ठीक, उन्हाळ्यात थोडी वाढवलेली बरी. उंच गवताची सावली मातीवर पडते आणि ओल टिकते. यंत्राच्या पात्याला धार असू द्या. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या लॉनची टोकं पांढरट दिसतात. त्यालाही आपण रोग समजतो. कापलेलं बारीक गवत पोत्यात भरून फेकू नका, तिथेच पसरू द्या. ते लवकर कुजतं आणि त्यातलं नत्र जमिनीला परत मिळतं.

तिसरी गोष्ट माती. बहुतेक इमारतींचं लॉन मुरूम, विटांचे तुकडे आणि बांधकामाचा राडारोडा यांवर चार बोटं लाल माती पसरून केलेलं असतं. अनेकदा ते पार्किंगच्या स्लॅबवरच असतं. तिथे खताने काही होत नाही, मुळांना उतरायला जागाच नसते. पावसाळ्याच्या तोंडी बागकामाच्या काट्याने वीतभर अंतरावर भोकं पाडायची आणि पोयटा व पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत चाळून पातळ थर द्यायचा. दोन-तीन वर्षं हे केलं की फरक डोळ्यांना दिसतो. युरियात ४६ टक्के नत्र असतं. त्याने आठवड्यात हिरवा रंग येतो, म्हणून तो सगळ्यांचा लाडका. पण त्या रंगाबरोबर येते ती लुसलुशीत, जास्त पाणी मागणारी, रोगाला लवकर बळी पडणारी वाढ. जास्तीचं नत्र पाण्यात उतरून बोअरपर्यंत पोचू शकतं ते वेगळंच. चुनखडीच्या काळ्या जमिनीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील, तर उणीव नत्राची नसून बहुधा लोहाची असते. त्यावर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर हलका फवारा पुरतो. फरशीवर मात्र उडू देऊ नका, डाग जात नाहीत.

जिथे दिवसाचे सहा तास ऊन नाही, तिथे हरळी लावूच नका. आंब्याखाली किंवा दोन इमारतींच्या बोळात ती दरवर्षी नव्याने अंथरणं म्हणजे दरवर्षी तिला मारणं. तिथे सावलीतली झुडपं लावा किंवा पालापाचोळा पसरा.

आता त्या ‘औषधा’कडे येतो, कारण आरोग्याचा खरा प्रश्न तिथे आहे. हुमणी आणि मुंग्यांसाठी माळी वर्षानुवर्षं जे दाणेदार ‘थायमेट’ टाकत आले, ते म्हणजे फोरेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ते ‘अत्यंत घातक’ या सर्वांत वरच्या गटात आहे आणि २०२० च्या अखेरीपासून आपल्या देशात त्यावर बंदी आहे. माळ्याच्या खोलीत जुना डबा शिल्लक असेल तर तो आजच बाजूला काढा. क्लोरपायरीफॉस हे वाळवीसाठीचं औषध सर्रास लॉनवरही मारलं जातं. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचे परिणाम होण्याच्या काळजीने अमेरिकेत २००० सालीच त्याचे बहुतेक घरगुती वापर थांबवण्याचा निर्णय झाला. रुंद पानांच्या तणांसाठीचं ‘टू-फोर-डी’ कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या गटात ठेवलं. पुरावा मर्यादित आहे, हे खरं. पण शेतातलं तण हा पोटापाण्याचा प्रश्न असतो आणि लॉनमधलं तण हा फक्त नजरेचा. नजरेसाठी एवढी जोखीम कशाला?

आणि ही जोखीम घेतो कोण? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा आपण हळहळलो. आपल्याच आवारात माळीकाका उघड्या हातांनी बादलीत काठीने औषध ढवळतात, तोंडाला रुमाल बांधून फवारतात आणि तेच कपडे घालून घरी नातवंडांत जातात. त्यांना हातमोजे आणि मुखपट्टी कोणी दिली? फवारणीनंतर मुलांना किती वेळ लांब ठेवायचं, हे कोणत्या सूचनाफलकावर लिहिलं होतं? सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगावर वाद घालण्यापेक्षा एक साधा ठराव करावा. आवारात कोणतंही कीटकनाशक किंवा तणनाशक कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय आणि रहिवाशांना आदल्या दिवशी कळवल्याशिवाय वापरलं जाणार नाही, असा.

विषाशिवायही बरंच साधतं. हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळिवानंतर रात्री कडुनिंब, बाभळीवर जमतात. तेव्हाच फांद्या हलवून ते गोळा करता येतात. मेटारायझियम ही हुमणीवर वाढणारी बुरशी कृषी सेवा केंद्रात मिळते, ती ओल्या जमिनीत शेणखतातून द्यायची. लव्हाळा माजला असेल तर बहुधा पाणी जास्त होतंय, आधी पाइप आवरा. आणि गाजर गवताला लॉनमध्ये रिकामी जागाच ठेवू नका. हे तण भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९५५ मध्ये पुण्यातच, आणि त्याने होणारी त्वचेची अ‍ॅलर्जी आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांना चांगलीच परिचित आहे. फुलं येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटलं तर फवारा लागत नाही.

‘आम्ही तर सांडपाण्याच्या प्रकल्पाचं पाणी वापरतो,’ असं कोणी म्हणेल. उत्तमच आहे. फक्त प्रकल्प नीट चालतो का, पाण्याची तपासणी होते का, हे पाहा. पाण्याला वास येत असेल तर ते तुषार सिंचनाने उडवू नका. त्या बारीक थेंबांबरोबर जंतूही श्वासात जातात. असं पाणी जमिनीलगतच्या नळ्यांनी, तेही मुलं खेळत नसताना द्यावं. आणि या सगळ्याला कंटाळून प्लास्टिकचं लॉन अंथरणार असाल, तर एकदा मे महिन्यात दुपारी त्यावर हात ठेवून पाहा. भर उन्हात असा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर तापतो. शिवाय झिजलेल्या धाग्यांचं प्लास्टिक मातीत आणि पाण्यातच जातं.

माझा शेवटचा आग्रह आकाराबद्दल आहे. ज्या गवतावर कुणाची पावलं पडत नाहीत ते लॉन ठेवू नका. मुलांची खेळायची जागा, ज्येष्ठांची चालायची पट्टी एवढं गवत राखा आणि तेवढ्याचीच मन लावून काळजी घ्या. प्रवेशद्वारापाशी ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी लावून जपलेला तुकडा काढून तिथे स्थानिक झाडं लावली, तर पाणी वाचेल आणि सावलीही मिळेल.

जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की ज्या पट्ट्यांचे फोटो एप्रिलमध्ये फिरले, तेच पट्टे आठ-दहा दिवसांत कोवळ्या फुटव्यांनी भरतात. तेव्हा गटावर कोणी फोटो टाकत नाही. पुढे भाद्रपदात घराघरांतून कोणीतरी ताट घेऊन खाली उतरतं आणि त्याच गवतातून एकवीस दूर्वा खुडून आणतं. आपल्या लॉनच्या प्रकृतीची परीक्षा त्या सकाळी घ्यावी. तिथे लहान मुलीला अनवाणी बसवून, उघड्या हाताने दूर्वा खुडायला सांगताना मनात शंका येत नसेल, तर उन्हाळ्यात ते कितीही पिवळं पडलेलं असो, लॉन निरोगी आहे.